मजामां

दांडिया बाजारात, चष्म्याच्या दुकानावरचा दवाखाना.
आत डॉक्टर दलाल, बाहेर मी,
मध्ये एक दार, पूर्ण न लागणारं.
एकवीस वर्षं त्या फटीतून
दोन्हीकडचं माझ्या कानावर पडतं.

"केम छो, माजी?"
डॉक्टर विचारतात,
आणि रावपुऱ्याच्या मांगलेबाई,
चार रात्री पाठीशी उशी लावून, बसून काढलेल्या,
म्हणतात, "मजामां."

दुसरं काय म्हणणार?
या गावात त्या प्रश्नाला उत्तर एकच असतं.
दूधवाल्याला तेच, बँकेतल्या शिपायाला तेच,
तेराव्याला भेटायला आलेल्या शेजाऱ्यांनाही
परवा तेच तोंडातून निघून गेलं होतं
आणि मग जीभ चावली होती त्यांनी.

डॉक्टर लिहितात.
पेनाची खरखर इथवर येते.
लिहिलं असणार : बरं आहे.

मग छातीला नळी. श्वास घ्या, सोडा.
"दुखावो थाय छे?"

बाई थांबतात.
आता मला माहीत आहे त्या का थांबल्या.
मघाशी बाकावर, पिशवी मांडीवर घेऊन,
मला सांगत होत्या :
"वृंदे, दुखत नाही गं.
पहाटे कुणी आतून पाटा सरकवल्यासारखं होतं.
आणि डावा हात.
मुंग्या नव्हेत. कळ पण नव्हे. रग.
पाण्याची बादली तीन मजले चढवल्यावर येते ना, ती.
पण बादली कुठे उचलली मी?"

रगेला गुजरातीत काय म्हणतात?
दोघींना आठवेना.
बाई शिकल्या गुजराती शाळेत,
पाढे म्हणतात गुजरातीत,
रिक्षावाल्याशी भांडतात तर असं
की माणसं उभी राहून ऐकतात.
फक्त दुखायचं तेवढं मराठीत राहिलंय.

"ना, साहेब," फटीतून ऐकू आलं,
"थोडी गभरामण थाय छे."

गभरामण.
पोरगा कॅनडाला गेला, गभरामण.
रात्री भजी जास्त झाली, गभरामण.
दिवसाला तीस वेळा येतो हा शब्द आत
आणि तीच पिवळी गोळी घेऊन बाहेर पडतो.

बाई आल्या.
"काय म्हणाले गं?"
हे त्या मला विचारतात!
"तुम्ही होतात ना आत?"
"बोललेच नाहीत काही. मान खाली घालून लिहीत होते."
औषधाची चिठ्ठी नीट चार घड्या करून
पाकिटात ठेवली, नातवाच्या फोटोमागे.

दीड वाजता शटर अर्धं ओढून
डॉक्टर चहा रकाबीत ओततात.
"वृंदाबेन, आज माजींना सगळं निवांत समजावलं.
दहा मिनिटं तरी दिली."

घड्याळ माझ्या टेबलावर असतं.
चार.
पण हा माणूस खोटं बोलणारा नाही.
त्यांना दहा वाटली असतील.
बाईंना एकही नाही.
आणि मी, जिच्याकडे सगळं होतं,
पाटा, बादली, चार रात्री,
मी पुढचा नंबर पुकारला होता.

"साहेब," मी म्हटलं, "रग म्हणजे काय, ठाऊक आहे?"
आणि माझाच डावा हात धरून दाखवला,
खांद्यापासून करंगळीपर्यंत.
मराठी, गुजराती, जे सुचेल ते.
बादलीशी आले तेव्हा
रकाबी ओठांपाशी थांबली.
"क्यारथी?"
"चार रात्री झोपल्या नाहीत."
"मने तो कह्युं, मजामां."
"हो," मी म्हटलं. "म्हणतात त्या तसं."

फोन त्यांनी स्वतः लावला.
पलीकडे सून होती.
रिसीव्हरमधून मलाही ऐकू आलं,
लख्ख, हसरं, घाईतलं :
"मम्मी? ए तो मजामां छे.
खंडेराव मार्केट गयां, शाक लेवा."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.
चहावर साय धरली होती.
मी चपला घातल्या.